टेस्टोस्टेरॉन कमी आहे आणि मूलही हवंय, मग इंजेक्शन का नको?

दर वेळी शब्द वेगळे असतात, प्रश्न एकच. “टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, शुक्राणूही कमी आहेत. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं की दोन्ही मार्गी लागेल ना?”

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो: पहिलं लागेल, दुसरं आणखी बिघडेल. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंच्या बाबतीत गर्भनिरोधकासारखं वागतं. त्याचा हा गुण जागतिक आरोग्य संघटनेने मुद्दाम तपासूनही पाहिला आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट टोचलं गेलं. सहा महिन्यांत सुमारे 65 टक्के जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही.

असं का होतं? मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण दर दीड-दोन तासांनी पिट्युटरी ग्रंथीला एक ठोका देतो. त्यावर पिट्युटरी दोन हॉर्मोन सोडते, एलएच आणि एफएसएच. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं आणि एफएसएच शुक्राणूंना वाढवणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावतं. आता खरी मेख. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट, पन्नास ते शंभर पटींच्या घरात असतं आणि शुक्राणू तयार व्हायला तेवढंच लागतं. इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा वर जातो, मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो एलएच आणि एफएसएच दोन्ही बंद करतो. रक्तात सुकाळ आणि वृषणात दुष्काळ. जेल लावलं तरी गणित तेच.

म्हणून अशा माणसाचा रिपोर्ट लांबूनही ओळखू येतो: टेस्टोस्टेरॉन 900, एलएच 0.1 पेक्षा कमी, वीर्यात शुक्राणू शून्य. “काही औषध घेता का?” या प्रश्नाला उत्तर बहुतेकदा “नाही” असं येतं, कारण जिममध्ये मिळालेली कुपी माणूस औषधात धरत नाही. डॉक्टरांपासून ही एक गोष्ट लपवू नका. लपवलीत, तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचे पैसे वाया.

उपचारांआधी निदान पक्कं हवं, आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते. टेस्टोस्टेरॉन सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. दुपारी आकडा उतरलेला असतो, पोटात साखर गेली की आणखी उतरतो. ताप, मोठं आजारपण, रात्रीचं जागरण यांच्यानंतर लगेच मोजलं तर फसगत ठरलेलीच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच-एफएसएच खोटं कमी दिसतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या थांबवा. दोन्ही वेळा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली आलं आणि सोबत लक्षणंही असली, तर ‘कमी’ म्हणायचं.

पण माझ्या मते त्या आकड्यापेक्षा शेजारचा एलएचचा आकडा महत्त्वाचा. समजा टेस्टोस्टेरॉन 180 आहे आणि एलएच 2. लॅबने एलएचपुढे खूण केलेली नाही, तो ‘नॉर्मल’ मर्यादेत आहे. तरी तो नॉर्मल नाही! टेस्टोस्टेरॉन इतकं पडल्यावर पिट्युटरीने ओरडायला हवं होतं, आणि ती गप्प बसली आहे. बिघाड वर आहे, मेंदू-पिट्युटरीच्या बाजूला. उलट टेस्टोस्टेरॉन 180 आणि एलएच 18 असेल तर वरून आरडाओरडा चालू आहे, वृषणाला जमत नाही. पहिल्या माणसाला हॉर्मोनचे उपचार सुरेख लागू पडतात, दुसऱ्याला सहसा नाही. हा फरक न बघता लिहिलेली चिठ्ठी म्हणजे अंधारात दगड.

बिघाड वर असेल तर आधी कारण शोधायचं. प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हॉर्मोन, बायकांमध्ये दूध आणणारं) बरंच वाढलेलं असेल तर पिट्युटरीचा एमआरआय करावा लागतो. तिथे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ निघाली तर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळीनेच, शस्त्रक्रियेशिवाय, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही सुधारू शकतात. वयात येणं लांबलं आणि लहानपणापासून वासही येत नाही, असं असेल तर तो कालमन सिंड्रोम, म्हणजे मेंदूकडून पिट्युटरीला ठोका न मिळण्याचा जन्मजात दोष, असू शकतो. वजन फार असेल किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर मूळ तिथेच सापडतं.

या गटातला मुख्य उपचार एचसीजी. हे हॉर्मोन गरोदरपणात तयार होतं, पण वृषणाला ते एलएचच वाटतं. सुरुवातीचा डोस साधारण 1500 ते 2000 युनिट, आठवड्यातून दोन किंवा तीनदा, पोटाच्या कातडीखाली. टेस्टोस्टेरॉन मोजत मोजत डोस जुळवतात. त्याने टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आतच तयार होतं, बाहेरून येत नाही. सगळा फरक एवढाच. तीन ते सहा महिन्यांत शुक्राणू दिसले नाहीत तर एफएसएच जोडतात, 75 ते 150 युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा. जन्मजात दोष असेल तर दोन्ही मिळून वर्ष-दीड वर्षही लागतं. वृषण 4 मिलिलीटरपेक्षा लहान असतील किंवा लहानपणी खाली उतरलेलेच नसतील, तर वाट लांबते आणि खात्री कमी होते.

घरी टोचताना हमखास होणारी चूक सांगतो. एचसीजी पावडर असते, द्रावणात विरघळवायची. 5000 युनिटच्या व्हायलमध्ये 2.5 मिलिलीटर द्रावण घातलं तर एका मिलिलीटरमध्ये 2000 युनिट झाले, म्हणजे 1500 युनिटला 0.75 मिलिलीटर. आता हे इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये भरताना नळीवरही ‘युनिट’ लिहिलेलं दिसतं, आणि घोळ होतो. ते इन्सुलिनचे युनिट, एचसीजीचे नव्हेत. 100 युनिटवाल्या सिरिंजवर 0.75 मिलिलीटर म्हणजे 75 ची रेघ. 40 युनिटवाल्या सिरिंजवर तेच 30 ची रेघ. सिरिंज बदलली आणि रेघ तीच ठेवली की डोस दुप्पट-अडीचपट चुकतो. व्हायल जोरात हलवू नका, दोन तळव्यांमध्ये हळू फिरवा. द्रावणात जंतुरोधक नसेल तर उरलेलं औषध फेकायचं. असेल तर 2 ते 8 अंशांत, फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नाही. छाती दुखायला किंवा फुगायला लागली तर डोस जास्त होतोय. वृषणातच इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोनही वाढलेलं असतं. डॉक्टरांना कळवा.

पिट्युटरी शाबूत आहे पण सुस्त आहे, अशांना क्लोमिफेनची गोळी देतात. हे औषध मुळात स्त्रियांसाठी, पुरुषांमध्ये ते मंजुरीच्या चौकटीबाहेर वापरलं जातं. ते इस्ट्रोजेनचा संदेश मेंदूपासून अडवतं, मेंदूला वाटतं हॉर्मोन कमी पडलं, आणि एलएच-एफएसएच वाढतात. 25 मिलिग्रॅम रोज किंवा दिवसाआड, चार आठवड्यांनी तपासणी. एलएच आधीच 15-20 असेल तर ओरडणाऱ्याला आणखी ओरडायला सांगून काय मिळणार? दृष्टी धूसर झाली, डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर गोळी बंद. मन उगाच खिन्न राहिलं तरी सांगा. आणि काही थोड्या जणांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढूनही शुक्राणू घटतात, म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर समाधान मानू नये. अ‍ॅनास्ट्रोझोलची जागा आणखी अरुंद आहे (ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होणं अडवते): वजन जास्त आणि टेस्टोस्टेरॉनच्या मानाने इस्ट्राडायोल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, वाढलेलं.

काही ठिकाणी हॉर्मोन देणं म्हणजे वेळ घालवणं. टेस्टोस्टेरॉन, एफएसएच आणि वृषणाचा आकार सगळं ठीक, तरी वीर्यात शुक्राणू शून्य, तर बहुतेकदा वाटेत अडथळा असतो. माल तयार होतोय, बाहेर येत नाही. एफएसएच बरंच वाढलंय आणि वृषण लहान आहेत, तर गुणसूत्रांची तपासणी आधी. क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे एक जादा एक्स गुणसूत्र, निघालं तरी सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधण्याच्या शस्त्रक्रियेत जवळपास निम्म्या जणांत ते मिळतात. अशा माणसाला आधीच टेस्टोस्टेरॉन सुरू केलेलं असेल, तर शोध आणखी अवघड होतो.

आधीच इंजेक्शन घेऊन बसला असाल तर? गर्भनिरोधक चाचण्यांतल्या निरोगी पुरुषांच्या एकत्रित आकडेवारीत, औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश जणांचे शुक्राणू मिलिलीटरला 2 कोटींवर परतले, वर्षात 90 टक्क्यांचे आणि दोन वर्षांत जवळपास सगळ्यांचे. पण ती माणसं मुळात निरोगी होती. वर्षानुवर्षं मोठे डोस घेतलेल्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत. वाट बघायची की एचसीजी-क्लोमिफेनने गाडीला धक्का द्यायचा, हे पत्नीच्या वयावर ठरतं. ती 28 वर्षांची असेल तर थांबता येतं, 38 ची असेल तर दोन वर्षं हातात नसतात. इंजेक्शन थांबवल्यावर पहिले काही आठवडे थकवा आणि मरगळ येते, आणि त्याच दिवसांत बरेच जण पुन्हा टोचून घेतात.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस आणि बाहेरपर्यंत पोचायला आणखी काही दिवस लागतात. त्यामुळे उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत वीर्यतपासणी करून निराश होऊ नका. नमुना देताना दोन ते सात दिवसांचा खंड ठेवा आणि तो तासाभरात, शरीराच्या उबेतच लॅबमध्ये पोचवा. दीर्घकाळ शून्य असलेल्या माणसाच्या वीर्यात पहिल्यांदा थोडेसे जरी शुक्राणू दिसले, तरी त्याच आठवड्यात नमुना गोठवून ठेवायला सांगा. पुढच्या महिन्यात ते असतीलच असं नाही.