फाइव्हएम म्हणजे फक्त रोलप्ले नाही रे
आज मामेभावाच्या पीसीवर फाइव्हएम टाकून दिलं, जीटीए ५ या गेममधे लोकांनी बनवलेले सर्व्हर खेळता येतात ते, आणि हा लगेच सगळ्यात गर्दीच्या रोलप्ले (म्हणजे एखादं पात्र बनून खेळायच्या) सर्व्हरच्या रांगेत लागायला निघाला. म्हटलं थांब, जरा खाली बघ. मग टॅग टाकून शोधत बसलो तर ड्रिफ्टचे (गाडी घसरवत वळवायचे), रेसिंगचे, नुसते ट्रक चालवायचे सर्व्हर निघाले, आत मोजकीच माणसं पण काय मन लावून बनवलंय! ही लोकं स्वतः लुआ या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहितात, मॅप बनवतात, रात्री जागून सर्व्हर सांभाळतात आणि खेळायला कोणी येतच नाही, याचं खरंच वाईट वाटतं. २०२३ मधे जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने फाइव्हएमची टीम आपल्यात घेतली, आता त्यांनी छोट्या सर्व्हरना पुढे आणायला हवंच. तुम्हाला असा एखादा भारी सर्व्हर माहितीये का? नाव सांगा, उद्या दोघं मिळून जातो.