रबाळ्यातला सर्व्हर आणि एक काढलेली टिक

जुलैतला शनिवार. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलो आणि कंपनीतून फोन आला, "सगळ्यांचं सगळं बंद पडलंय, लवकर या." आमची कंपनी रबाळे एमआयडीसीत. मशीनचे सुटे भाग बनवतो, साठेक माणसं, आणि आयटी विभाग म्हणजे मी एकटा. रात्रभर पाऊस, लाइट चार वेळा गेली-आली, यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच म्हाताऱ्या झालेल्या. जिन्याखालच्या खोलीला आम्ही सर्व्हर रूम म्हणतो. तिचं दार उघडलं तर चारपैकी दोन डिस्कवर केशरी दिवा.

रेड फाइव्ह म्हणजे डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत; तीत एक डिस्क गेली तरी काम चालतं. दुसरी गेली की खेळ खलास. पहिली आठवड्यापूर्वीच गेली होती, बदली डिस्क मागवलेली, ती कुरियरमध्ये कुठेतरी फिरत होती.

तरी मी घाबरलो नव्हतो. सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावर असे पाच आभासी संगणक, म्हणजे व्हीएम: सगळ्यांचं लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर, फाइल सर्व्हर, ईआरपीचा (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, टॅली आणि गेटवरच्या हजेरीचं लहानसं लिनक्स. रोज रात्री एकला पाचांचा बॅकअप वरच्या मजल्यावरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या डब्यावर, जायचा आणि सकाळी 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल यायचा. साहेबांनी विचारलं, "कधी चालू होईल?" मी छाती काढून म्हणालो, "सोमवारी सात वाजता पहिली शिफ्ट पंच करेल, त्याच्या आत."

डिझाइन विभागात एक जुना वर्कस्टेशन पडून होता, ३२ जीबी रॅमचा. घणसोलीहून २ टीबीची एसएसडी आणली, पेनड्राइव्हवरून प्रॉक्समॉक्स चढवलं. इथवर पाऊण तास. मग नॅस जोडायला गेलो तर नॅस दारातच उभं करीना. एनएफएसची, म्हणजे नेटवर्कवरून फायली उघडायची, परवानगी मीच फक्त जुन्या सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) दिलेली, आणि नव्याला मी घाईत दुसराच आयपी दिला होता. जुन्या डब्यावरच्या स्टिकरवरून आयपी वाचला, नव्याला तोच दिला, फायली दिसू लागल्या.

दिसल्या, पण कुठली कोणाची? फायलीच्या नावात व्हीएमचा नंबर, तारीख आणि वेळ, बाकी काही नाही. १०३ म्हणजे डेटाबेस की टॅली? याची नीटनेटकी एक्सेल शीट मी बनवली होती. ती फाइल सर्व्हरवर होती. त्या खोलीत एकटाच असून मला लाज वाटली. सुदैवाने बॅकअपच्या यादीत 'शो कॉन्फिगरेशन' असं बटण असतं. ते दाबलं की त्या व्हीएमचं नाव, मेमरी, डिस्का, नेटवर्क सगळं दिसतं. तिथून पाहून एका जुन्या चलनाच्या पाठीवर पेनाने यादी लिहिली. ते चलन अजून त्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

आधी डोमेन कंट्रोलर, कारण बाकी सगळी विंडोज मंडळी उठल्या उठल्या त्यालाच शोधतात. आमच्याकडे तो एकच, म्हणून कालची प्रत आणून बसवली तरी दुसऱ्याशी भांडण लागायची भीती नाही. दोन-तीन असतील तर इतकं बिनधास्त राहू नये. रिस्टोर करताना, म्हणजे बॅकअपमधून परत उभं करताना, स्टोरेजचं नाव हाताने निवडावं लागलं, कारण जुन्या सर्व्हरवरचं स्टोरेज या पठ्ठ्याला ठाऊक नाही. स्टार्ट दाबलं तर 'व्हीएमबीआर-वन नावाचा ब्रिज नाही' म्हणून अडला. ब्रिज म्हणजे व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला पूल. जुन्यावर दोन होते, इथे एकच. दुसरा बनवला, चालू झाला. या २२ जीबीच्या फायलीला अर्धा तास लागला. शंका तिथेच यायला हवी होती.

पुढची फाइल सर्व्हरची, ३१० जीबी. वीस मिनिटं झाली, टक्के हलेनात. नॅसच्या पानावर वेग बघितला: सेकंदाला ११ एमबी. कधी ११.२, कधी १०.९, पण ११ ला चिकटलेला. नेटवर्कवाल्याला हा आकडा दिसला की पुढचं विचारावं लागत नाही. एक गिगाबिटची लाइन सेकंदाला शंभर-एकशेदहा एमबी देते, शंभर मेगाबिटची अकराच्या आसपास. म्हणजे मधे कुठेतरी कोणीतरी शंभरवर बोलत होतं. या वेगाने ३१० जीबीला पावणेआठ तास.

नेटवर्कच्या वायरी जोडणारा स्विच बघितला, गिगाबिट. नॅसची वायर बदलली, फरक नाही. मग वर्कस्टेशनची वायर भिंतीतून उपटून तिचा प्लग डोळ्यांजवळ धरला. आठऐवजी चारच तारा. कुठल्या तरी इलेक्ट्रिशियनने कधीकाळी दोन जोड्यांत काम भागवलं होतं. दोन जोड्यांवर शंभर मेगाबिट चालतं, गिगाबिटला चारही लागतात. डिझाइनवाले तीन वर्षं 'नेट स्लो आहे' म्हणत होते आणि मी त्यांना ब्राउझरचे टॅब कमी उघडा म्हणून सांगत होतो.

दुसरी वायर लावली, रिस्टोर थांबवून नव्याने सुरू केलं. तासाभरात झालं. तेवढ्यात खाली जाऊन वडापाव खाल्ला, घरी फोन केला की आज उशीर होईल.

मग १०३, डेटाबेस. पाच मिनिटांत संपला. आधी वाटलं, वा! मग वाटलं, इतक्या लवकर कसा? विंडोज उठलं, डेटाबेस चालवणारा एसक्यूएल सर्व्हरही उठला, पण ईआरपीच्या डेटाबेससमोर 'रिकव्हरी पेंडिंग', म्हणजे तो उघडता येत नाही. माय कॉम्प्युटर उघडलं. सी ड्राइव्ह आहे. डी ड्राइव्ह नाही. डेटा सगळा डीवर, आणि डेटाबेसचा रोजचा बॅकअपसुद्धा डीवरच.

नॅसवरच्या बॅकअपची कॉन्फिगरेशन परत उघडली. स्कझी-वन या डिस्कच्या, म्हणजे त्याच डी ड्राइव्हच्या, ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात: बॅकअप=०, म्हणजे हिचा बॅकअप घेऊ नको.

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं, कारण ही टिक कोणी काढली हे शोधायची गरजच नव्हती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी नॅस भरत आलं होतं. सुट्टीत बॅकअप अडकू नये म्हणून मी या डिस्कच्या 'बॅकअप' चौकोनातली टिक काढली होती, दोन दिवसांसाठी. नॅसमध्ये नंतर मोठ्या डिस्का घातल्या. टिक राहिली ती राहिलीच. मेलमधले जुने लॉग उघडले तर प्रत्येकात ती ओळ, स्कझी-वन वगळली, आणि शेवटी 'ओके'. प्रॉक्समॉक्स खोटं बोललं नव्हतं. मी सांगितलेलं त्याने इमानेइतबारे केलं आणि रोज रात्री मला कळवलंही. मी विषय वाचून मेल बाजूला सारत होतो.

साहेबांना सांगायला वर गेलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, अकाउंट्समध्ये विचार तरी. मॅडम काहीतरी कॉपी करत असतात."

मॅडमना फोन लावला. शनिवारची संध्याकाळ, मागे कुकरच्या शिट्ट्या. "हो, दर शुक्रवारी निघताना घेते की बॅकअप. तो ईआरपीवाला मुलगा इन्स्टॉल करायला आला होता ना, त्याने शिकवलं होतं. डबा ठेवते त्या कप्प्यात पेनड्राइव्ह आहे, किल्ली वॉचमनकाकांकडे." मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का असं करायला? "कोणी कशाला सांगायला हवं? आधीच्या कंपनीत मार्चएंडला सगळं उडालं होतं. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते."

कप्प्यात लोणच्याची बाटली, दोन चमचे आणि लाल पेनड्राइव्ह. त्यावर तारखेच्या नावाच्या फायली, शेवटची कालची, संध्याकाळी साडेपाचची. नवी व्हर्च्युअल डिस्क जोडली, तिला डी अक्षर दिलं, त्यावर डेटाबेस रिस्टोर केला. रात्रीचे साडेअकरा झाले. शुक्रवारी साडेपाचनंतरची चलनं तेवढी गेली. कागद गेटवर होते, सोमवारी दोघांनी बसून परत टाइप केली.

टॅली रविवारी सकाळी उठली, पण एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे व्हाउचरला महिन्यातल्या ठरावीकच तारखा चालतील. लायसन्स जुन्या यंत्राला बांधलेलं. ते नव्याने चालू करून घेतलं.

एवढं करून सोमवारी सातला हजेरीचं मशीन गप्पच. रिस्टोर करताना मी 'युनिक'वर टिक केली होती, नाव ऐकून सुरक्षित वाटलं म्हणून. तिने व्हीएमचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, बदलला, पत्ता बदलल्यावर राउटरने राखून ठेवलेला आयपी दिला नाही, आणि गेटवरचं मशीन जुन्याच आयपीवर हाका मारत बसलं. जुन्या कॉन्फिगरेशनमधला मॅक डकवला तेव्हा सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तोवर वॉचमनकाकांनी वहीवर सह्या घेतल्या.

साहेबांनी एवढंच विचारलं, "ती टिक लावलीस का परत?" लावली होती. मंगळवारी सकाळचा मेल मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. स्कझी-झिरो, स्कझी-वन, दोन्ही.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "साहेबांना सांगून मला एक मोठा पेनड्राइव्ह मागवून द्याल का? हा भरत आला."