तुम्ही विचारलंत म्हणून : एका गळ्यातले दोन सूर

तुवाचे गाणे लावले की घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "हा एकटाच गातो आहे, की मागे कोणी बासरी वाजवते आहे?" गाणारा एकटाच असतो. तुवा हे सैबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाच्या सीमेलगतचे रशियातले प्रजासत्ताक. तिथले लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात, आणि मेंढ्या-घोडे घेऊन माळामाळांवर फिरणाऱ्या त्यांच्या पूर्वजांकडून आलेल्या या कंठगायनाला ते 'खोमेई' म्हणतात.

त्यातला दुसरा सूर बाहेरून आणलेला नसतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडे गाण्याच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. माणसाच्या आवाजातही तसेच आहे : मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांश सतत उमटत असतात, फक्त ते आपल्याला सुटे ऐकू येत नाहीत. 'सिगिट' या शैलीत गायक गळा आवळून आवाज धारदार करतो आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून तोंडाची पोकळी अशी जुळवतो, की त्यांपैकी एकच स्वरांश शिट्टीसारखा वर येतो. जीभ किंचित सरकली की शिट्टीचा सूर बदलतो; खालचा आधार मात्र हलत नाही.

सुरावट प्रामुख्याने सहावा, आठवा, नववा, दहावा आणि बारावा या स्वरांशांची असते. सातवा आणि अकरावा सहसा टाळतात. आपल्या भाषेत हे प, सा, रे, ग आणि वरचा प होतात, त्यामुळे अनेकांना भूप राग आठवतो. मलाही आठवला होता. पण भूपातल्या धैवताची वाट पाहत बसले की पंचाईत होते; तो या पाच स्वरांशांत नाही.

'कारगिरा' या शैलीत स्वरतंतूंच्या वरचे पडदेही निम्म्या गतीने कंप पावू लागतात आणि आवाज सप्तकभर खाली उतरतो. मी न्हाणीघरात दार लावून हा प्रयोग केला, तेव्हा फक्त खोकला आला आणि बाहेरून "बरे आहे ना?" अशी चौकशी झाली.

ऐकायचेच असेल तर 1992 मध्ये स्थापन झालेल्या 'हून-हूर-तू' या संचापासून सुरुवात करावी. सूर्य उगवल्यावर किंवा मावळण्याआधी माळावर किरणे सुटी सुटी होऊन दिसतात, त्या दृश्याला तुवाचे लोक हेच नाव देतात.