१ एचपी ड्राइव्ह: ४० हर्ट्झखालची थरथर सापडली

तीन फेज मोटरचा वेग बदलणाऱ्या या ड्राइव्हमधला दोष निघाला वरच्या तीन आयजीबीटींच्या (पॉवर स्विचेसच्या) गेट आणि एमिटरमध्ये बसवलेल्या १० केच्या (१० किलोओहमच्या) रेझिस्टरमध्ये. त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता, कारण खालच्या बाजूला तोच रेझिस्टर मुकाट काम करतोय आणि आयआर२११० या गेट ड्रायव्हर आयसीच्या बऱ्याच तयार सर्किटांमध्ये तो दोन्हीकडे सारखाच छापलेला असतो.

मागच्या वेळची स्थिती अशी: स्विचिंग १६ किलोहर्ट्झ, एसव्हीपीडब्ल्यूएम (तिन्ही फेज सतत स्विच होणारी पद्धत), हीटसिंक ७८ अंश. तो उतरवायला डीपीडब्ल्यूएम-१ ही अधूनमधून स्विचिंग थांबवणारी पद्धत घातली. प्रत्येक फेज दर आवर्तनात ६० अंश वरच्या रेलला (डीसी बसच्या प्लसला) आणि ६० अंश खालच्या रेलला (मायनसला) चिकटून राहते, हाच क्लॅम्प; त्यामुळे स्विचिंगची संख्या एक तृतीयांशाने घटते. हीटसिंक ५९ वर आला. इथपर्यंत मस्त. पण ५ हर्ट्झवरून रॅम्प सुरू केला की मोटर थरथरायची, मधूनच ओव्हरकरंटला ट्रिप व्हायची, आणि ४० च्या वर गेली की लोण्यासारखी फिरायची.

४० हाच धागा होता. आयआर२११०ला वरच्या बाजूची वीज बूटस्ट्रॅप कपॅसिटर पुरवतो आणि तो भरतो फक्त खालचा आयजीबीटी किंवा त्याचा डायोड चालू असताना. फेज वरच्या रेलला चिकटली की भरणं बंद, पण रेझिस्टरमधून खर्च चालू. १० के आणि १ मायक्रोफॅरड म्हणजे टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. डायोडचा ड्रॉप जाऊन सुरुवात १४.३ व्होल्टवर, आणि ड्रायव्हरची अंडरव्होल्टेज मर्यादा (याखाली तो आउटपुट बंद करतो) साधारण ८.२. ड्रायव्हरचा स्वतःचा १२५ मायक्रोअँपिअर धरला तर ५ मिलिसेकंदांत खेळ खलास. ६० अंशांना ५ मिलिसेकंद लागतात ते ३३ हर्ट्झला. ५० हर्ट्झला तोच काळ ३.३ मिलिसेकंद, तिथे ९.९ व्होल्ट शिल्लक राहतात आणि सगळं आलबेल दिसतं. ५ हर्ट्झला मात्र ३३ मिलिसेकंद!

मग हिशोबात ३३ आणि प्रत्यक्षात ४० का? कपॅसिटर सिरॅमिक आहे. १५ व्होल्टच्या बायसखाली त्याची धारिता घटते, आणि ०.८३ मायक्रोफॅरड धरले की आकडा बरोबर ४० वर येतो. हा एक्स७आर या बऱ्या डायइलेक्ट्रिकचा (आतल्या सिरॅमिक पदार्थाचा) होता म्हणून एवढ्यावर भागलं. सुट्टे, बिनलेबलचे सिरॅमिक बहुधा वाय५व्ही या हलक्या जातीचे निघतात, त्यांचं काय उरेल ते विचारू नका. बूटस्ट्रॅपसाठी रीलवर डायइलेक्ट्रिक छापलेलं असेल तरच घ्या, चार रुपये जास्त गेले तरी चालतील.

पुढची गंमत अशी. अंडरव्होल्टेज झालं की आउटपुट बंद होतो, करंट खालच्या डायोडमधून वाहतो आणि कपॅसिटर लगेच पुन्हा भरतो. पण आतला लॅच (चालू-बंद लक्षात ठेवणारा भाग) रीसेट झालेला असतो, त्याला इनपुटची नवी चढती कड लागते, आणि क्लॅम्पच्या काळात कड येतच नाही. म्हणून उरलेला सगळा वेळ फेज खालीच पडून राहते. स्कोपवर नंतर कधीही पाहिलं तर व्होल्टेज ठीकच दिसतं.

हे पाहायला ३२५ व्होल्टची बस लागत नाही. बूटस्ट्रॅप १५ व्होल्टवर चालतो आणि डीपीडब्ल्यूएमचा क्लॅम्प मॉड्युलेशन कितीही कमी असलं तरी ६० अंशच राहतो, त्यामुळे आयसोलेटेड बेंच सप्लायवर ४० व्होल्टची बस देऊन दोष जसाच्या तसा दिसतो. दोन १०एक्स प्रोब, एक व्हीबीवर, एक व्हीएसवर (बूटस्ट्रॅप कपॅसिटरची दोन टोकं), दोन्हींची ग्राउंड क्लिप बसच्या निगेटिव्हला, आणि स्कोपवर वजाबाकी. स्कोपची अर्थिंग तोडून मेन्सच्या बसवर मोजायचा उद्योग कुणी करू नये.

उपाय वाटला तितका सरळ नाही. नुसता रेझिस्टर १०० के केला तरी ५ हर्ट्झला भागत नाही: आता ड्रायव्हरचा स्वतःचा करंटच जड पडतो आणि ३३ मिलिसेकंदांत व्होल्टेज ५.४ वर येतं. म्हणून दोन्ही बदललं. वरच्या बाजूला १०० के, आणि जुन्या सिरॅमिकला पॅरलल २२ मायक्रोफॅरडचा १०५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक. ५ हर्ट्झला घसरण ०.४ व्होल्ट, डेटाशीटचा कमाल २३० मायक्रोअँपिअर धरला तरी ०.५५. १०० केने गेट तरंगेल अशी भीती असेल तर: प्रीचार्जमधून बस ५० मिलिसेकंदांत चढते, मिलर (गेट-कलेक्टरमधला) कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरला तर गेटवर ३३ मिलिव्होल्ट येतात. खालच्या बाजूचे १० के तसेच ठेवलेत.

मोठ्या कपॅसिटरसोबत तीन गोष्टी आल्या. डायोडच्या सिरीजमध्ये १० ओहम. सुरुवातीला तिन्ही खालचे आयजीबीटी ५ मिलिसेकंद चालू. आणि १५ व्होल्टच्या रेलवर ४७० मायक्रोफॅरड, कारण तिन्ही एकदम भरताना ४ अँपिअरचा झटका बसतो. डायोड यूएफ४००७च हवा. १एन४००७ दिसायला सारखा, पण १६ किलोहर्ट्झच्या वेगाने बंद व्हायला फार आळशी.

आता ५ हर्ट्झवरून सुरुवात सुरळीत आहे, आणि नेमकं तेच हवं होतं. हा ड्राइव्ह जाणार निफाडकडच्या द्राक्षबागेत, फवारणीच्या एसटीपी पंपावर. पिस्टन पंप, टॉर्क वेगाबरोबर घटत नाही, त्यामुळे सगळा जोर खालच्या हर्ट्झलाही लागतो. तरी पंपाचा बायपास उघडूनच सुरू करायचा. मोटर ४१५ व्होल्टची स्टार होती. सातपूरच्या रिवाइंडिंगवाल्याने स्टार पॉइंट फोडून सहा वायरी बाहेर काढल्यात, आता डेल्टात २३० व्होल्टवर चालते.

पुढच्या बोर्डावर वरच्या बाजूला बूटस्ट्रॅपऐवजी तीन आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल घालायचा बेत होता. तो बारगळला. नुसता खालच्या रेलचा १२० अंशांचा क्लॅम्प हा फुकटातला पर्याय होता, पण त्यात कंडक्शनचा बोजा खालच्या तिघांवर पडतो. त्यापेक्षा १० हर्ट्झखाली एसव्हीपीडब्ल्यूएम आणि १२ च्या वर डीपीडब्ल्यूएम असं केलं तर? फरक फक्त झीरो सिक्वेन्सचा (तिन्ही फेजना सारख्याच मिळणाऱ्या व्होल्टेजचा), लाइन व्होल्टेज तेच राहतं, म्हणजे बदलताना झटका बसायचं कारण नाही. १० खाली हीटसिंक जास्त तापेल खरा, पण पंप तिथे रॅम्पपुरताच असतो. हे आजच फर्मवेअरमध्ये टाकतो. मॉड्यूलचे पैसे शंटच्या करंट सेन्स अँपला (करंट मोजणाऱ्या अँपला) जातील, तिथली रिंगिंग (सिग्नलची थरथर) अजून बाकी आहे.