बारवर ‘विठ्ठल’ नीट दिसला

काल रात्री शेवटी जमलं एकदाचं. माझ्याकडे लिनक्सवर स्वे (खिडक्या मांडून देणारा प्रोग्राम) आहे, एका वर्कस्पेसवर, म्हणजे वेगळ्या डेस्कटॉपवर, स्पॉटिफायवर अभंग चालू असतात आणि मधेच एखादा आवाज काळजाला भिडतो, मग कोण गातंय बघायला तिकडे जा, परत या, तोवर हातातलं काम डोक्यातून गेलेलं. म्हणून गायक आणि गाण्याचं नाव स्क्रीनवरच्या पट्टीत, म्हणजे वर बारमध्येच हवं होतं.

लिनक्सवर याची सोय आधीपासूनच आहे. स्पॉटिफाय काय, फायरफॉक्स काय, काय वाजतंय ते एमप्रिस नावाच्या ठरलेल्या पद्धतीने डी-बसवर (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो मार्ग) सांगत असतात आणि प्लेअरसीटीएल ही छोटीशी कमांड ते वाचते, त्यामुळे स्पॉटिफायकडून एपीआय की (प्रोग्रामला लागणारी परवानगीची किल्ली) नको, वेगळं लॉगिन नको. बरेच जण दर सेकंदाला स्क्रिप्ट चालवतात, ते मला पटत नाही. फॉलो ऑप्शन दिला की कमांड एकदाच सुरू होते आणि गाणं बदललं की स्वतःहून नवी ओळ देते. प्लेअरच्या जागी स्पॉटिफाय लिहिलं की ब्राउझरमधला व्हिडिओ मधे घुसत नाही.

खरा त्रास देवनागरीचा होता. आधी जो बार वापरायचो त्यात ‘विठ्ठल’ची वेलांटी व च्या पुढे जाऊन पडायची, ठ्ठ फुटून पहिल्या ठ चा पाय मोडलेला दिसायचा. फॉन्ट बदलून बघितले, नोटो सान्स देवनागरी टाकला, काही फरक नाही, कारण अक्षरं जोडायचं काम फॉन्ट एकटा करत नाही, बारलाही ते यावं लागतं. आताचा बार म्हणजे वेबार, तो अक्षरं नीट जोडून मांडणारी पँगो ही लायब्ररी वापरतो, तिथे पहिल्याच झटक्यात नाव अगदी छापल्यासारखं आलं! मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

अजून एक अडचण आली. जुगलबंदीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन नावांच्या मधे अँपरसँड (&) असला की नाव यायचंच नाही. वेबार तो मजकूर मार्कअप (मजकूर सजवायच्या खुणा) समजून वाचतो आणि तिथे अडतो. प्लेअरसीटीएलच्या फॉरमॅटमध्ये टायटल आणि आर्टिस्ट दोन्ही मार्कअप एस्केपमध्ये (अशी चिन्हं साधी अक्षरं म्हणूनच वाचली जावीत यासाठीचं फंक्शन) गुंडाळले, मिटलं. लांबलचक नावांसाठी मॅक्स लेंग्थ ४० ठेवलीय.

आता क्लिकवर पॉज आणि स्क्रोलवर पुढचं गाणं लावायचंय, ते रविवारी.