नॉर्डमार्कातील दोन स्की-फेऱ्या आणि अंगावरचे थर

फेब्रुवारीत मी ओस्लोला, नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले होते. त्या मुक्कामात शहराच्या उत्तरेला पसरलेल्या नॉर्डमार्काच्या जंगलात आम्ही दोघींनी दोनदा क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे चढ-उतारांच्या वाटेवर स्वतःच्या ताकदीने स्की घसरवत चालणे, केले. वाट दोन्ही वेळा तीच होती. एक क्रमांकाच्या मेट्रोने फ्रोग्नरसेटेरेन या डोंगरावरील शेवटच्या स्थानकापर्यंत जायचे, तेथून त्रिव्हानमार्गे उल्लेव्होलसेटरचे उपाहारगृह गाठायचे आणि मग सोग्न्सव्हान तलावाकडे उतरून पाच क्रमांकाच्या मेट्रोने घरी परतायचे. हे अंतर साधारण १५ किलोमीटर भरते. तापमानही दोन्ही दिवशी उणे १० ते उणे १२ अंशांच्या दरम्यान होते. बदलले होते ते फक्त माझे कपडे; तरीही पहिली फेरी मी कुडकुडत संपवली आणि दुसरी संपूच नये असे मला वाटत राहिले. म्हणून वाटेपेक्षा कपड्यांविषयीच अधिक लिहीत आहे.

पहिल्या दिवशी मी हिमालयातील हिवाळी ट्रेकसाठी पुण्यात जमवलेला सगळा सरंजाम अंगावर चढवला होता: आत सुती टी-शर्ट, त्यावर जाड फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे जॅकेट), त्यावर पिसे भरलेले डाऊन जॅकेट आणि पायांत मोज्यांचे दोन जोड. स्थानकाबाहेर उभी असताना मला अगदी उबदार वाटत होते, आणि चूक नेमकी तेथेच होती. स्कीवर पाय, दंड, पाठ आणि पोट एकाच वेळी काम करतात, त्यामुळे चढावर शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट उष्णता निर्माण करते. वीस मिनिटांत टी-शर्ट घामाने चिंब झाला. सूत ते पाणी धरून ठेवते, आणि पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. चालत होते तोवर हे जाणवले नाही. पण मेणबत्तीसारख्या ताठ, बर्फाने लगडलेल्या स्प्रूस वृक्षांची छायाचित्रे घेण्यासाठी जेमतेम पाच मिनिटे थांबलो, तेवढ्यात पाठीवर गार फडके ठेवल्यासारखे झाले आणि पुढे उल्लेव्होलसेटरपर्यंत माझे दात वाजत राहिले.

दुसऱ्या फेरीआधी बहिणीने मला तिच्या सवयीप्रमाणे कपडे घालायला लावले. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ, अंगाला चिकटून बसणारा सदरा आणि तशीच लांब विजार. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, हा तिचा खरा गुण आहे. पॉलिएस्टरचे थर्मलही चालतात, ते लवकर वाळतात. मात्र मुक्काम मोठा असेल तर वास न धरणारी लोकर मला अधिक पसंत आहे. नॉर्वेत आणखी एक युक्ती मुरलेली आहे, ती म्हणजे लोकरीची जाळीची बनियन. १९३३ साली हेन्रिक ब्रून या नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यांपासून अशी पहिली बनियन करून पाहिली, असे सांगतात. आपल्याकडे जाळीची बनियन उकाड्यासाठी घालतात. येथे तिच्या मोठ्या छिद्रांत कोंडलेली हवा ऊब धरते आणि घामाला वर निघून जायला वाट मिळते.

त्यावर उणे १० अंशांना आणि वारा नसताना एक पातळ विंडचीटर पुरतो, तोही छातीकडून वारा अडवणारा आणि पाठीकडून हवा खेळू देणारा. स्कीसाठीच्या पँटही अशाच, पुढून वारारोधक असतात. पुरुषांनी पुढच्या बाजूने वारारोधक असलेली अंतर्वस्त्रे जरूर घ्यावीत. लाजेपोटी हे कोणी सांगत नाही आणि उतारावर त्याची किंमत मोजावी लागते. पूर्णपणे जलरोधक रेनकोट मात्र टाळावा, कारण त्यात घाम कोंडतो. उणे १५ च्या खाली गेल्यास मध्ये पातळ लोकरी किंवा फ्लीसचा एक थर वाढवावा. उणे २० च्या खाली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धासुद्धा होत नाहीत, तेव्हा हौशी माणसाने त्या दिवशी घरी राहण्यात काहीच कमीपणा नाही.

निघताना पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजलीच पाहिजे. स्थानकावर ऊब वाटत असेल, तर एक थर काढून पाठपिशवीत टाकावा.

पाठपिशवीत आम्ही प्रत्येकी एक कोरडा लोकरी सदरा, हलके डाऊन जॅकेट, मिटनचा (अंगठा सोडून चारही बोटे एकत्र राहणाऱ्या हातमोज्यांचा) जादा जोड आणि थर्मास ठेवला होता. उल्लेव्होलसेटरला पोहोचताच, चहा-बन मागवण्याआधी, आम्ही ओले सदरे बदलले. उघड्यावर थांबायचे असेल तर अंग निवण्याची वाट न पाहता थांबताक्षणी डाऊन जॅकेट विंडचीटरवरूनच चढवावे आणि निघताना आठवणीने काढावे.

तेथून सोग्न्सव्हानपर्यंतचा रस्ता बहुतांशी उताराचा आहे आणि सर्वांत जास्त थंडी याच टप्प्यावर लागते. शरीराचे काम थांबते आणि वेगामुळे समोरून वारा लागतो: हवा उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने घसरलात, तर उघड्या त्वचेला ती उणे २० अंशांसारखी भासते. शिवाय वारा पडलेल्या दिवशी थंड हवा खोलगट भागात साचते, त्यामुळे खाली तलावाकाठी वरच्यापेक्षा गारठा जास्त असू शकतो. म्हणून उतरण्यापूर्वीच गळपट्टा नाकापर्यंत ओढून घ्यावा, चढावर वापरलेली कानपट्टी काढून पूर्ण कानटोपी घालावी आणि पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी मिटन चढवावेत. गाल व नाकाचा शेंडा सोबतीने एकमेकांचा तपासावा. आपल्या सावळ्या त्वचेवर हिमदंशाचा फिकटपणा चटकन दिसत नाही; राखाडी, मेणचट छटा आणि बधिरपणा यांवर लक्ष ठेवावे. अशा जागेवर कोरडा, उबदार तळवा धरून ठेवावा; ती चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही.

पायांबाबत पुण्याचा हिशेब येथे उलटा ठरतो. मोज्यांच्या दोन जोडांनी बूट आवळला जाऊन रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे अधिकच गारठतात. लोकरी मोज्यांचा एकच जोड घालून, आत बोटे सहज हलतील असा बूट भाड्याने घ्यावा. भारतातून येणाऱ्यांनी महागडी जाड जॅकेटे विकत घेण्याऐवजी तो पैसा लोकरीच्या दोन चांगल्या सदऱ्यांवर आणि मिटनवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

घरी आल्यावर लोकरी कपडे हीटरवर न टाकता खोलीतच दोरीवर पसरावेत; सकाळपर्यंत ते पुन्हा घालण्याजोगे होतात.