डोळ्याला मार लागला तर पाणी मारू नका, कप लावा

हात मोडला, पाय मोडला, डोक्याला मार लागला तर काय करायचं हे आपल्याकडं सगळ्यांना थोडंफार माहितीय, पण डोळ्याचं म्हटलं की जो तो आपापला दवाखाना उघडतो. आणि उसाचा सीझन चालू झाला की आमच्या आष्टा-सांगली भागात हे व्हायला वेळ लागत नाही. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, कांड्या हातभर बाहेर आलेल्या, त्या पण बरोबर टू व्हीलरवाल्याच्या तोंडासमोर, त्यात समोरच्यानं अप्पर मारला की संपलं.

माझा चुलतभाऊ असाच घुसला. हेल्मेट होतं म्हणायला, पण ते अर्ध्या टोपीवालं, पुढं काच नाही, फक्त पावती फाडायला नको म्हणून घातलेलं. भुवई फाटली आणि चष्म्याच्या काचेचा तुकडा डोळ्यात. माणसं लगेच जमली, एकजण बाटलीनं पाणी मारायला लागला, दुसरा रुमाल दाबायला, तिसरा म्हणतोय "थांबा ओ, काच दिसतीया, ओढतो". एक वडापवाला (शेअर जीपवाला) होता, त्यानं सगळ्यांना बाजूला केलं. त्याच्या भावकीत आधी असं झालेलं म्हणे. त्यानं चहाचा कोरा कागदी कप घेतला, डोळ्यावर पालथा ठेवला, कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवली आणि चिकटपट्टी मारली. बास.

मिरजेला नेल्यावर डॉक्टर म्हणाले हेच बरोबर होतं. डोळ्याचा गोळा फुटला असला तर नुसत्या बोटाच्या दाबानं पण आतलं बाहेर येतं, आणि घुसलेली काच बुचासारखी बसलेली असती, ती ओढायची नाही, ती ऑपरेशन टेबलवरच काढायची. ड्रॉप नाही, मलम नाही, तूप तर अजिबात नाही. आणि वाटेत पाणी-चहा पण पाजायचा नाही कारण भूल द्यायची असती, आपल्याकडं मात्र पहिलं "पाणी दे रे त्याला". पाणी मारायचं फक्त एकाच वेळी, बॅटरीच्या ॲसिडसारखं काही रसायन उडालं असलं तर, आणि मग किमान पंधरा-वीस मिनिटं मारतच राहायचं.

पोलिसांच्या लफड्यात नको म्हणून लोक लांब उभी राहतात, त्यांच्यासाठी सांगतो, 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलंय, मदत करणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही. 108 ला फोन लावा नाहीतर गाडीत घाला, पण न्या.

दुसरं म्हणजे डोळा वरनं चांगला दिसतोय म्हणून घरी बसू नका. सगळं डबल दिसायला लागलं तर डोळ्याखालचं पातळ हाड मोडलेलं असू शकतं, अशा वेळी नाक जोरात शिंकरायचं नाही. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तर काही आठवड्यांनी, महिन्यांनी पण सुटतो. विजा चमकल्यासारखं, काळे ठिपके, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि क्वचित का होईना, फुटलेल्या डोळ्यामुळं चांगल्या डोळ्याला पण सूज येते, म्हणून भावाचे दोन्ही डोळे तपासतात दर वेळी. बाहुली मोठी करायचं औषध घातलं की दिवसभर त्याला धड दिसत नाही, मग गाडी मी चालवतो आणि तो मागं बसून हेल्मेटची काच खाली घे म्हणून ओरडत असतो.